चार पावलं पुढे, चार पावलं मागे

१५ जून २०२४, शनिवार. ऑक्सफर्डजवळच्या एका खेड्याच्या उन्हाळी जत्रेत आमच्या क्लबने इंग्लिश कंट्री डान्स सादर केला आणि त्या आठ जणांत मी होते. फोटो पाहून इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी ओळखीच्यांनी विचारलं: जोडीदार लागतो का, वय किती चालतं, खर्च काय येतो, त्यांच्या नाचात आपल्याला घेतात का. प्रत्येकाला निराळं उत्तर देण्यापेक्षा पहिल्यापासून सगळं लिहून काढते.

आधी एक खुलासा. कंट्री डान्स म्हटलं की अनेकांना काउबॉय टोप्या घालून रांगेत केला जाणारा अमेरिकी नाच आठवतो. हा तो नव्हे. हा इंग्लंडचा जुना समूहनाच, सतराव्या शतकापासून छापील पुस्तकांत नोंदलेला. जोड्या समोरासमोर दोन लांब ओळींत, चौकोनात किंवा गोलात उभ्या राहतात आणि सुरावटीबरोबर ठरलेल्या आकृत्या करत जागा बदलत जातात. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतली मंडळी बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, नाचतात, ते याच घराण्यातलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये वाचनालयाच्या फलकावर क्लबची चिठ्ठी दिसली. दर मंगळवारी रात्री आठ ते दहा, गावच्या हॉलमध्ये. पहिली संध्याकाळ फुकट, पुढे दर खेपेला चार पौंड, मध्यंतरातला चहा-बिस्किटं त्यातच. मी सेक्रेटरीबाईंना ईमेल केला: नवऱ्याला यात रस नाही, मी एकटीच येणार, कधी नाचलेले नाही, चालेल का? आठवडाभर उत्तर नाही. मी जवळपास नाद सोडला होता, तेवढ्यात चार ओळी आल्या. एकट्याच या, टाचेच्या चपला नकोत, रबरी पकड असलेले बूटही नकोत, पाण्याची बाटली आणा.

रबरी बूट का नकोत, ते पहिल्याच गिरकीत समजतं. तळवा जमिनीला चिकटतो, शरीर वळतं आणि गुडघा मध्ये अडकतो. पहिले काही आठवडे जुन्या, तळ गुळगुळीत झालेल्या बुटांवर निभावलं तरी चालतं. मी नाताळनंतरच्या सेलमध्ये मऊ चामड्याचे जॅझ शूज घेतले, अठ्ठावीस पौंडांना. यात पैसे वाचवू नका.

हॉलमध्ये वीसेक माणसं होती, बरीचशी साठीच्या पुढची. व्यासपीठावर एक बाई माइक घेऊन उभ्या होत्या. यांना कॉलर म्हणतात. प्रत्येक नाचाआधी त्या संगीताशिवाय सगळ्यांना एकदा-दोनदा आकृत्या चालवून घेतात, हा वॉक-थ्रू. मग संगीत सुरू होतं, पहिल्या काही फेऱ्यांत कॉलर सूचना देत राहतात आणि हळूहळू गप्प होतात. तिथून पुढे तुम्ही आणि सुरावट.

जोडीदाराची चिंता पहिल्या पाच मिनिटांत मिटली. कुणीही कुणालाही विचारतं, ‘हा नाच माझ्याबरोबर?’ नाच संपला की एकमेकांचे आभार मानायचे आणि पुढच्या नाचाला दुसरा जोडीदार. नवराबायकोही रात्रभर एकत्र नाचत नाहीत. पुरुष कमी म्हणून बायका बायकांबरोबर नाचतात, कुणाला त्यात वेगळं वाटत नाही. काही कॉलर तर ‘मेन’ आणि ‘विमेन’ म्हणतच नाहीत. डावीकडचे लार्क आणि उजवीकडचे रॉबिन, अशी पक्ष्यांची नावं वापरतात. मला ही पद्धत फार सोयीची वाटते, कारण मी दोन्ही बाजूंनी नाचते.

पावलं अवघड नाहीत. बहुतेक वेळ ऐटीत, हलकं चालायचं असतं. अवघड असतं ते कुठे जायचं हे कळणं. सेट म्हणजे उजवीकडे आणि डावीकडे छोटं पाऊल. टर्न सिंगल म्हणजे स्वतःभोवती लहानशी गिरकी. कास्ट म्हणजे बाहेरच्या बाजूने वळून ओळीच्या पाठीमागून जाणं. ‘हे’ (hey) नावाची आकृती म्हणजे तिघा-चौघांनी एकमेकांच्या डाव्या-उजव्या खांद्याशेजारून वेणी गुंफत जाणं. शब्द माहीत झाले तरी ऐकल्या क्षणी पाय त्या दिशेला वळायला वेळ लागतो. मला साधारण नाताळ उजाडला. तोवर प्रत्येक मंगळवारी घरी येताना डोकं भणभणायचं आणि तरी पुढच्या मंगळवारची वाट पाहायचे.

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट सांगते: सूचना ऐकण्यापेक्षा सूर ऐका. बहुतेक सुरावटींचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. एकेक आकृती बहुधा आठ मात्रांची. शाळेत लेझीम खेळलेल्यांच्या अंगात आठाचा हिशेब मुरलेलाच असतो, तोच इथे कामी येतो. सुराचा दुसरा भाग सुरू झाला म्हणजे अमुक जागी असायला हवं, एवढं पक्कं झालं की मधली वाट आपोआप सापडते.

लांब ओळींच्या नाचात आणखी एक गंमत असते. प्रत्येक फेरीनंतर पहिल्या क्रमांकाच्या जोड्या एक घर खाली सरकतात, दुसऱ्या क्रमांकाच्या वर. त्यामुळे दर फेरीला समोर नवी जोडी. टोकाला पोहोचलेल्या जोडीला समोर कुणी उरत नाही. तिने एक फेरी थांबायचं, बहुतेक नाचांत आपापसात बाजू बदलायची आणि क्रमांक बदलून परत आत शिरायचं. नवखी माणसं सगळ्यांत जास्त गोंधळतात ती या टोकावर. थांबलात की लगेच ओळीकडे तोंड करा आणि तुमचा नवा क्रमांक असलेल्या जोड्यांचं काम पाहत राहा. पुढच्या फेरीला तेच तुमच्यापर्यंत येणार असतं.

आता नजरेबद्दल. या नाचात वळताना जोडीदाराच्या डोळ्यांत पाहायचं असतं. ती रीत आहेच, शिवाय नजर एका जागी राहिल्यावर भोवळ येत नाही. सांगलीत वाढलेल्या माझ्यासारखीला परक्या पुरुषाचा हात हातात घेणं एक वेळ जमलं, नजर खिळवणं जमेना. मी खांद्याकडे बघायचे. क्लबात ऐंशीच्या घरातले एक आजोबा आहेत. ते एकदा चहाच्या वेळी म्हणाले, ‘तू जमिनीकडे पाहिलंस की मला कळत नाही तू कुठे चालली आहेस.’ त्या वाक्याने माझा संकोच गेला. नजर हा समोरच्याला दिलेला निरोप आहे, आणि तो न देणं म्हणजे त्याला एकटं सोडणं, हे मला पटलं. त्यांनीच हाताचं वजन द्यायला शिकवलं. दोन हात धरून फिरताना कोपर ढिले ठेवायचे नाहीत, दोघांनी किंचित मागे रेलायचं. मग गिरकी एकट्याच्या ताकदीची राहत नाही.

जानेवारीत एका शनिवारी लंडनला सेसिल शार्प हाउसमध्ये गेले. कॅम्डन टाउन स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटांवर, रीजंट्स पार्क रोडवर. ही १९३० साली उघडलेली इमारत म्हणजे इंग्लिश लोकनृत्य आणि लोकसंगीत संस्थेचं घर. आतल्या वॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयात मी लंडनच्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाचं ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ वाचायला मागितलं. १६५१ चं हे पुस्तक, त्यात १०५ नाच आणि प्रत्येकाची सुरावट. लिखाण इतकं त्रोटक की पहिल्यांदा काहीच उलगडत नाही. पुरुषासाठी चंद्रकोरीसारखी खूण, बाईसाठी टिंब असलेलं वर्तुळ. पण एक व्याख्या लख्ख आहे: डबल म्हणजे चार पावलं पुढे किंवा मागे, शेवटी दोन्ही पाय जुळवून. मंगळवारी आम्ही हेच करतो. पावणेचारशे वर्षांपूर्वीची सूचना जशीच्या तशी पाळता येते, याचा मला त्या टेबलापाशी बसून विलक्षण आनंद झाला.

मध्यंतरी हे नाच जवळपास विस्मरणात गेले होते. सेसिल शार्प यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेफर्डचं पुस्तक पुन्हा उलगडलं, खेड्यांत टिकून राहिलेले नाच टिपून घेतले आणि १९११ मध्ये लोकनृत्य संस्था काढली. त्यांना हा नाद लागला तो ऑक्सफर्डमध्येच. १८९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडिंग्टन क्वारीच्या नर्तकांना मॉरिस, म्हणजे घुंगरं बांधून करायचा इंग्लिश लोकनाच, नाचताना पाहिलं, विल्यम किंबर कॉन्सर्टिना (हातात धरायचं छोट्या भात्याचं वाद्य) वाजवत होते. माझी रोजची बस हेडिंग्टनवरूनच जाते. शार्प यांना हे नाच म्हणजे अस्सल इंग्रज खेडुतांचा ठेवा वाटे. मला ते तितकंसं पटत नाही. प्लेफर्डचं दुकान लंडनच्या टेंपल चर्चजवळ होतं आणि गिऱ्हाईक शहरी, वकिली शिकणारी तरुण मंडळी. नंतरच्या एका आवृत्तीत ‘जमैका’ नावाचा नाच आहे. इंग्रजांनी ते बेट १६५५ साली स्पेनकडून जिंकून घेतलं. आम्ही तो फार आवडीने नाचतो, आणि त्या नावाशी मी दर वेळी क्षणभर थांबते. हा नाच कधीच एका गावाचा किंवा एकाच तऱ्हेच्या लोकांचा नव्हता. मला त्यात शिरताना संकोच वाटला नाही, त्याचं हेही एक कारण.

फेब्रुवारीत जत्रेच्या समितीचं क्लबला आमंत्रण आलं आणि सेक्रेटरीबाईंनी आठ जणांत मला विचारलं. मी आठवडा मागून घेतला. क्लबात नाचणं वेगळं, तिथे सगळे नाचत असतात, बघणारं कुणी नसतं. शेवटी हो म्हटलं, कारण नाच चौकोनी होता आणि चौकोनात आठ माणसं लागतातच.

कागदपत्रांना मार्चमध्ये सुरुवात झाली. समितीचा फॉर्म चार पानी: किती माणसं, किती जागा, वीज लागेल का, वाजवणार त्या सुरावटींची यादी संगीतकारांच्या नावासह, सार्वजनिक दायित्व विम्याचं प्रमाणपत्र आणि धोक्यांचा तक्ता. विमा क्लबचा असतो, पण तो सभासदांनाच लागू. मी तोवर रोजच्या रोज पैसे देत होते, म्हणून आधी पंधरा पौंड भरून वर्षाची सभासद झाले. तुम्ही कुठे सादरीकरणात उतरणार असाल तर ही चौकशी पहिल्यांदा करा. शिवाय प्रमाणपत्रावरची मुदत कार्यक्रमाच्या तारखेपर्यंत हवी. आमची मे महिन्यात संपत होती. नूतनीकरण होऊन नवा कागद समितीकडे पोचेपर्यंत आमचं नाव यादीत ‘प्रलंबित’ होतं, आणि ते तीन आठवडे मला फार लांब वाटले.

परवान्याचा प्रश्न मात्र सोपा निघाला. इंग्लंडच्या २००३ च्या परवाना कायद्यात मॉरिस नृत्य आणि त्या जातीच्या नाचांना मनोरंजन-परवान्यातून स्पष्ट सूट आहे. सेक्रेटरीबाईंनी तेवढी ओळ फॉर्मवर लिहून दिली. समितीला बिअरच्या तंबूसाठी तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना कौन्सिलला द्यावी लागली. तिची फी एकवीस पौंड, आणि ती साधारणपणे किमान दहा कामाचे दिवस आधी पोचावी लागते. सुरावटींच्या यादीतही सोपा मार्ग आहे: प्लेफर्डच्या काळातल्या सुरांवर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. विसाव्या शतकातही सुंदर नाच रचले गेले, पॅट शॉ यांचे मला खूप आवडतात, पण ते १९७७ मध्येच वारले, त्यामुळे त्यांच्या सुरांना अजून हक्क लागू आहे. आम्ही जुन्यांवरच थांबलो.

धोक्यांचा तक्ता भरायला मी मदत केली. ओलं गवत, तंबूंचे ताणलेले दोर, ऊन, नाच चालू असताना मध्ये धावत येणारी लहान मुलं. प्रत्येकापुढे उपाय आणि जबाबदार माणसाचं नाव. हे काम कंटाळवाणं असेल असं वाटलं होतं, पण त्यामुळेच आम्ही मे महिन्यात गवतावर तालीम करून पाहिली. हॉलच्या लाकडी जमिनीवर सहज होणारं सरकतं पाऊल गवतावर होत नाही. पाऊल आखूड घ्यावं लागतं आणि चौकोनही लहान धरावा लागतो.

तालमी मार्चपासून रविवारी दुपारी, महिन्यातून दोनदा. हॉलचं भाडं तासाला बारा पौंड, आठ जणांत वाटून. वेशासाठी पांढरा शर्ट आणि हिरवा घोळदार स्कर्ट. कापडाला अठरा पौंड लागले आणि क्लबातल्या एका मैत्रिणीच्या शिलाई मशीनवर आम्ही दोघींनी मिळून शिवले. स्कर्ट घोट्याच्या चांगला वर ठेवा, मागे चालताना टाचेखाली येतो.

नाच तीन ठरले. ‘गॅदरिंग पीसकॉड्स’ हा गोलातला, १६५१ च्या पुस्तकातला. त्यात एकदा पुरुष आत येऊन वर्तुळ करतात, एकदा बायका, आणि मग आळीपाळीने आत धावत येऊन टाळी द्यायची. ‘न्यूकॅसल’ही त्याच पुस्तकातला, चार जोड्यांच्या चौकोनाचा. त्यात पुरुष मध्ये डावे हात जुळवून फिरतात तेव्हा बायका बाहेरून उलट दिशेने जातात, आणि शेवटच्या भागात चौकोन मोडून दोन ओळी उभ्या राहतात. तिसरा ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’, १६९५ चा, दोन ओळींतला, तीन मोठ्या ठोक्यांच्या संथ लयीवर.

न्यूकॅसलने माझी झोप घालवली. मी घरी जेवणाच्या टेबलावर चार पांढरी आणि चार काळी बटणं मांडून सरकवत बसायचे. त्याहून चांगला उपाय आजोबांनी सुचवला: स्वतःची जागा पाठ झाल्यावर एकदा जोडीदाराच्या जागेवरून आणि एकदा समोरच्या जोडीच्या जागेवरून नाचून बघ. तसं केल्यावर तो नाच माझ्या एकटीच्या वाटेसारखा दिसायचा थांबला. आठही जण कुठे आहेत हे मला पाठीलासुद्धा कळू लागलं.

जत्रेच्या दिवशी आम्हाला साडेअकराला बोलावलं होतं, वेळ होती सव्वादोनची. एकच्या सुमारास पावसाची एक सर आली. वादक, म्हणजे एक व्हायोलिन, एक कॉन्सर्टिना आणि एक बासरी, उघड्यावर बसणारच नव्हते. व्हायोलिनला पाऊस सोसत नाही. त्यांच्यासाठी छोटा तंबू आधीच मागितला होता, तो किती आवश्यक होता ते तेव्हा कळलं. तेवढ्यात कुत्र्यांची स्पर्धा लांबली आणि आमची वेळ चाळीस मिनिटं पुढे गेली. त्या चाळीस मिनिटांत हात गार पडले, तोंड कोरडं झालं. मी तंबूमागे जाऊन डोळे मिटून न्यूकॅसल एकदा मनात चालून घेतला. अशी वाट बघावी लागणार हे धरूनच चला. अंगावर काहीतरी उबदार ठेवा आणि पोटभर जेवू नका.

दोरीच्या कडेला माणसं जमली. सूर सुरू झाले, आम्ही हात धरून गोल फिरलो आणि पहिल्या टाळीला माझी भीती संपली. पीसकॉड्समध्ये बायका आत येतात तेव्हा पुरुष मागे सरकत असतात, तो येण्या-जाण्याचा झोका बाहेरून बघण्यापेक्षा आतून कितीतरी सुंदर असतो. न्यूकॅसलचा चौकोन मोडून दोन ओळी सरळ उभ्या राहिल्या त्या क्षणी लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या. मी समोर पाहिलं, आजोबा माझ्याकडेच पाहत होते. बेव्हरिजच्या वेळी तर मला लोक दिसेनासे झाले, फक्त तो संथ सूर आणि एकामागून एक समोर येणारे डोळे. सगळं मिळून पंधरा मिनिटंसुद्धा नसतील.

त्यानंतर कॉलरबाईंनी लोकांनाच आत बोलावलं आणि ‘सर्केशियन सर्कल’ घेतला. मोठ्या गोलाचा सोपा नाच, पायावर उभं राहता येणारं कुणीही करू शकतं. माझ्या हाताला सत्तरीच्या पुढच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, पीसकॉड्स त्यांनी गावच्या शाळेत केला होता, त्यानंतर आजच पाहिला. इंग्लंडच्या शाळांच्या व्यायामक्रमात लोकनृत्य १९०९ पासून होतं, पुढे ते हळूहळू कमी होत गेलं. त्यांना आकृत्या अजून पाठ होत्या. मी त्यांना क्लबचा मंगळवार सांगितला.

मानधन नव्हतं. समितीने क्लबला पन्नास पौंड देणगी दिली आणि आम्हाला चहा-केकची कुपनं. माझा स्वतःचा खर्च म्हणजे बूट, कापड, सभासदत्व, हॉलच्या भाड्यातला वाटा आणि मंगळवारचे चार-चार पौंड. लंडनचं तिकीट सोडलं तर यापलीकडे काही नाही.

जवळचा क्लब शोधायचा असेल तर लोकनृत्य संस्थेच्या संकेतस्थळावर बघा, आणि वाचनालयाचा किंवा गावच्या हॉलचा फलकही बघा, कारण लहान क्लब बरेचदा फक्त तिथेच सापडतात. चिठ्ठीत ‘बिगिनर्स वेलकम’ लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. काही क्लबांत सगळे जुनेजाणते असतात आणि वॉक-थ्रू फार भराभर होतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट सुट्टी असते. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी नव्यांसाठी सोपे नाच ठेवतात, आणि त्या संध्याकाळी चहा करायची पाळी यंदा माझी आहे.